नावाचा रकाना

माथोलोआना. पहिल्या रकान्यात मी हे भरलं.
आमच्याकडे नवी सून घरात आली की
सासू तिला न जन्मलेल्या नातवंडावरून नाव देते:
थोलोआनाची आई.
थोलोआना म्हणजे फळ.
फळ आधी ठरतं, मोहोर मागून.

थाबा-त्सेकाच्या वर, घोड्यावरून चार तास,
टॅब्लेट ब्लँकेटच्या आत पोटाशी धरलेला.
चार्जिंग अडतीस टक्के,
घरं अजून सहा.

जमीन कसली?
माती किंवा शेण, लाकूड, सिमेंट, इतर.
तिने सकाळीच सारवली होती,
चार बोटांनी ओढलेल्या रेघा, नांगराच्या तासांसारख्या,
ओल अजून उतरायची होती.
मी बूट दाराबाहेर काढले
आणि 'माती किंवा शेण'वर बोट टेकवलं.
तेवढ्याने देश जरासा खाली गेला.

शिक्षण?
"माझं सातवी. यांचं तिसरी.
मग गुरं. मग सोन्याची खाण."
खाटेवरून खोकला आला
आणि बराच वेळ थांबला, पाहुण्यासारखा.

पाणी? जाऊन-येऊन अर्ध्या तासाच्या आत?
"जाताना की येताना?
येताना मी वेगळी बाई असते, वीस लिटर जास्तीची."
दोन्ही मिळून.
"आणि वाटेत मालिम्फो भेटली तर?"
तीही धरून.
"मग तुझ्या यंत्राला सांग,
आधी मालिम्फोचा स्वभाव विचार म्हणावं."
खाली दरीत धरण चमकत होतं.
ते पाणी डोंगराच्या पोटातून
परक्या शहराच्या नळाला जातं.
तिथे हा प्रश्न कुणी विचारला, तर लोक
नळ चालू ठेवूनच हसतील.

घरातल्या वस्तू?
रेडिओ, सायकल, फ्रीज, बैलगाडी...
"वस्तू एक आहे," ती म्हणाली,
"बारा वर्षांची. वर कुरणात गुरांमागे गेलीय."
मला कळायला वेळ लागला.
न्थोफीला. मुलाचं नाव. 'नुसती वस्तू'.
एक मूल गेलं की पुढच्याला असंच काही म्हणतात,
म्हणजे मरण दारातून डोकावलंच
तर त्याला वाटावं,
इथे नेण्यासारखं काही नाही.
माझ्या यादीत तो पर्याय नव्हता.

आणि पुढचा प्रश्न मला पाठ होता.
घरातलं एखादं मूल दगावलं?
"हो."
गेल्या पाच वर्षांत?
तिला मोजावं लागलं नाही. "चौदा झाली."
मग नाही, मी म्हणालो.
"नाही?"
नाही म्हणजे... इथे.
"बरं," ती म्हणाली,
मीठ संपलंय असं कुणी सांगितल्यावर म्हणावं तसं,
आणि मला मक्याच्या उकडीचा घास दिला, पालेभाजीसोबत.
आठवडाभरात काय खाल्लं हा प्रश्न
मी खाता खाता विचारला.

मासेरूत, हीटरच्या खोलीत,
खोआबाने साहेबांनी तक्ता भिंतीवर टाकला.
शून्य, टिंब, तीन आकडे.
आपण दोन पायऱ्या वर.
कुणाला मागे टाकलं ते त्यांनी दोनदा वाचलं,
कुणी आपल्याला, ते एकदाच.
टाळ्या थोड्या, बिस्किटं बरीच.
तिसऱ्या आकड्यात कुठेतरी
त्या ओल्या रेघा असतील,
मालिम्फोच्या गप्पांची वीस मिनिटं असतील.
मी शोधत राहिलो. चहा गार झाला.

त्याच्या कितीतरी आधी, नियमाप्रमाणे,
मी पहिला रकाना पुसला होता.
नावं ठेवायची नसतात,
लोकांच्याच भल्यासाठी.
तीन हजार दोनशे अकरा ओळी.
यंत्राने विचारलं: नक्की?

थोलोआना तेवढ्या एकाच रकान्यात होती,
आईच्या आत, दुसऱ्यांदा.

थंडी होती.
बोट दोनदा टेकवावं लागलं.